काळ्या गलबतावरचं बोलणं

४ नोव्हेंबर, मंगळवार

पप्पूनं आज मला न विचारता माझ्या नावावर काम घेतलं. दुकान त्याचं आहे, पण डोळे माझे आहेत, हे त्याला कोण सांगणार?

पुण्याच्या एका संस्थेतून जयराज नावाचा मुलगा आला होता. जुने सिनेमे शोधायचे, साफसूफ करायचे आणि जपून ठेवायचे, हा त्यांचा उद्योग. त्यांना 'काळे गलबत' नावाची एक मालिका सापडली आहे. एक्केचाळीस साली सांगलीकडच्या कुठल्याशा कंपनीनं काढलेली, काळी-पांढरी, दहा भागांची. थेटरात आठवड्याला एक भाग लागायचा आणि प्रत्येक भाग नायक मरता मरता संपायचा, म्हणजे पब्लिक पुढच्या आठवड्याला झक मारत येणार. चाचे, खजिना, समुद्रावरच्या लढाया, सगळं आहे. नाही तो फक्त आवाज. तेव्हा चित्राची फिल्म वेगळी आणि आवाजाची वेगळी असायची म्हणे. चित्राची सापडली, आवाजाची कुणीतरी घालवली. संवादाचं एक पानही शिल्लक नाही. म्हणून ओठ बघून कोण काय बोलतंय ते लिहून देणारं माणूस त्यांना पाहिजे.

पप्पू छाती फुगवून म्हणाला, "आमची अक्षता देती की. उंब्रजच्या लग्नात नवऱ्याचा चुलता लांब हुभा राहून काय शिव्या देत व्हता, ते हिनं व्हिडिओ बघून सगळं सांगितलं." त्या शिव्यांवरून पुढं काय रामायण झालं ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

नऊ वर्षांची असताना तापात माझे कान गेले. तेव्हापासून माणसांच्या ओठांवर जगते. इथं पलूसमध्ये लग्नाचे व्हिडिओ जोडते, गाणी पप्पू टाकतो. जयराज माझ्याशी बोलताना बालवाडीच्या बाईसारखं तोंड फाकून एकेक अक्षर बोलत होता. मी म्हटलं, "नीट बोला हो, असं बोललात तर काय पण कळत नाही." बिचारा कानापर्यंत लाल झाला. मुलगा बरा आहे.

हो म्हणून बसले खरी. आजवर जिवंत माणसांचे ओठ वाचलेत. काही अडलं तर परत विचारता येतं. ही सगळी मेलेली आहेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तुळशीचं लग्न झालं आणि दुकानात माणसांची रांग लागली. दिवसभर दोन हळदी आणि एक साखरपुडा जोडला. मग गलबत लावलं.

समुद्र बघून हसूच आलं. आपली कृष्णा! दोन होड्यांवर फळ्या ठोकून वर डोलकाठी आणि शीड चढवलंय. चाचे तलवारी घेऊन येतात तेव्हा त्यांच्या मागून एक म्हैस निवांत पोहत जाते. ती कुणाच्या नजरेतून कशी सुटली देव जाणे.

नायकाचं सोपं आहे. गोरा, गुळगुळीत दाढी केलेला, पल्लेदार बोलतो. "हे सागरा, तुझ्या उदरात माझ्या पित्याचा सूड दडला आहे." एकदा बघितलं की लिहून झालं. मजा मागच्या खलाशांची आहे. ती आपल्या इकडचीच माणसं दिसतात. त्यांना कुणी संवाद दिलेले नाहीत, नुसतं तोंड हलवा म्हणून सांगितलं असणार. नायक सूड सूड करतोय आणि मागचा बाजूच्याला विचारतोय, "भाकरी कवा येनार रं?" दुसरा म्हणतो, "गप. लय ऊन हाय." शत्रूचं जहाज दिसल्यावर सगळे ओरडतात, त्यात एकजण चक्क म्हणतोय, "आरं माझ्या पायावरनं उतर!"

जयराजला विचारलं, हे पण लिहू का? त्यानं मेसेज केला, "सगळं लिहा. हेच तर हवंय." मुलगा बरा आहे म्हटलं ते उगीच नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पाचवा भाग. आज डोकं उठलं.

लोकांना वाटतं, ओठ वाचणं म्हणजे पुस्तक वाचणं. तसं नसतं. प, ब आणि म हे तिन्ही ओठ मिटूनच निघतात, बघणाऱ्याला एकच दिसतात. 'ह' तर दिसतच नाही, तो घशातल्या घशात. मी रोज पुढचं-मागचं बघून अंदाजानंच चालते. आई भाजीवालीला 'पाव किलो' म्हणते तिथं 'माव किलो' कोण म्हणणार?

या भागात नायक डोलकाठीवरून पाण्यात उडी मारतो. खरं तर तो मारत नाही. त्याचे कपडे घालून दुसराच मारतो. नायकाचे दोन्ही कान धड आहेत, उडी मारणाऱ्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. उडी मारायच्या आधी हा फाटक्या कानाचा खाली बघून एका मिशाळ खलाशाला काहीतरी सांगतो. दोनच शब्द असल्यागत. 'बघ' नक्की आहे. त्याच्या आधीचा शब्द 'पोर', 'बोरं' किंवा 'म्होरं', यांतला कुठलाही असू शकतो. शेवटचा अनुस्वार असला तरी पुढच्या 'ब'साठी ओठ लगेच मिटतात, त्यात तो बुडून जातो.

पन्नास वेळा मागं-पुढं केलं. शेवटी लिहिलं, 'म्होरं बघ.' गलबतावर दुसरं काय सांगणार? काठावर बोरीचं झाड नाही, मालिकेत लेकरूबाळ कुणाचं नाही. मिशाळ मात्र शुद्ध येडा दिसतो. हा पुढं बघ म्हणतोय आणि तो पुढं बघायचं सोडून ह्याच्याच तोंडाकडं बघत उभा! वर मान हलवून "व्हय, व्हय" म्हणतो. पुढं काही बघत नाही. असल्या लोकांना घेऊन सिनेमा काढायचा म्हणजे कंपनीवाल्यांचं कठीणच होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज दुकानात मुक्ताबाई सिस्टर आल्या. निम्म्या पलूसची बाळंतपणं त्यांच्या हातची, माझा जन्मसुद्धा. वय चौऱ्याऐंशी, पण रिक्षातून उतरताना पप्पूनं हात पुढं केला तर त्याला म्हणाल्या, "सर बाजूला, मला काय धाड भरलीया?"

आईनं त्यांना दवाखान्यात गलबताचं सांगितलं होतं. आईच्या पोटात काही राहत नाही.

सिस्टर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. माझ्याशी कसं बोलायचं ते त्यांना चांगलं ठाऊक आहे, तोंड फाकत नाहीत, फक्त तोंडावरचा पदर काढतात. म्हणाल्या, "त्यात एका फाटक्या कानाचा मानूस हाय का बघ. डावा कान. बैलानं फाडल्याला. जोतीराम नाव. माझा बाप."



मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या पाळण्यात होत्या तेव्हा वडील या कंपनीत पोहणारा म्हणून गेले. सोबत त्यांचा मेहुणा, म्हणजे सिस्टरचा मामा, बाळासो. महिन्याभरानं मामा एकटाच परत आला. बहिणीला म्हणाला, "दाजी सिनेमातल्या बाईसंगं मुंबईला पळाला." झालं. गावभर तेच. शाळेत, पाणवठ्यावर, लग्न ठरवताना, सिस्टरना एकच नाव, पळपुट्याची पोर.

"मामानं शिराळ्याला नेऊन सांभाळलं आमाला," त्या म्हणाल्या. "भावकी म्हनत हुती पोरीला कशाला शिकवतोस, तर त्यानं काठी घेतली हुती हातात. सायकलवर बसवून मिरजेला नर्सिंगला घातलं मला. लय जीव. पर नदीला म्हनून कवा जाऊ दिलं न्हाई. पोरी पवायला जायच्या आन् मी दारात रडत बसायची. सिनेमाचं तर नाव काढलं तरी ताट सारून उठायचा."

मी विचारलं, सापडले तर काय करणार?

"त्याला दोन शबूद सुनावनार हाय. पडद्यावर का हुईना. आन् बघायचंय, आमाला टाकून तितं खुशीत व्हता का त्यो."

बोलताना हनुवटी थरथरत होती. रागानं असेल. मी सांगितलं, अजून भाग बाकी आहेत, बघून सांगते. सापडलेत, हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं कोण जाणे. आधी नीट बघून घ्यावं असं वाटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सगळे भाग बघून झाले. पाचव्या भागानंतर फाटका कान कुठंच नाही. सहाव्यापासून उड्या मारणारा वेगळाच, जाडा, पाण्याला भ्यायलेला. मिशाळही गायब. मला वाटलं, सिस्टरचं खरं असणार, गेला असेल पळून. वाईट वाटलं. तो माणूस मला आवडायला लागला होता. उडी मारताना अंगात भीती म्हणून नाही.

जयराजला सहज विचारलं, पाचव्या भागाचं आणखी काही आहे का? तो म्हणाला, जोडताना कापून टाकलेले तुकडे एका डब्यात आहेत, पण त्यात गोष्ट काही नाही. तरी पाठवा म्हटलं.

आज आले. सहा तुकडे. एकात नायक चहा पितोय. एकात म्हैस हाकलायला चाललेत, म्हणजे ती दिसली होती तर.

शेवटच्या तुकड्यात तीच उडी आहे. मालिकेत उडीनंतर लगेच नायक पाण्यातून डोकं वर काढतो. इथं तसं नाही. इथं कॅमेरा चालूच राहिलाय. पाणी फुटतं, परत सारखं होतं. खलाशी आधी हसतायत. मग हसणं थांबतं. एकजण कठड्याशी येतो, मग सगळेच येतात. होडी कलते. सगळ्यांच्या तोंडात एकच, "जोती! जोती!" मिशाळ अंगातल्या कपड्यांसकट उडी घेतो. वर येतो, मान हलवतो, परत बुडी मारतो. कोट घातलेला एक माणूस कॅमेऱ्याकडं वळून हात आडवे करतो आणि ओरडतो, "बंद कर! बंद कर!" तिथं फिल्म संपते.

जोतीराम वर आलेले दिसत नाहीत.

पप्पूनं खांद्याला हात लावून विचारलं, काय झालं गं? मी कॉम्प्युटर बंद केला. घरी येऊन जेवले नाही. आईला म्हटलं डोकं दुखतंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगायचं तर आहेच. पण कसं सांगायचं? चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला सांगायचं, की ज्याला आयुष्यभर शिव्या दिल्यात तो तेव्हाच गेला. बरं वाटेल की जास्तच लागेल? आणि मी जे बघितलं ते खरंच तेवढंच आहे का? पुढं कुठं तरी लांब जाऊन वर आला असेल. माझं काम ओठांचं. माणूस जगला की मेला, हे सांगणारी मी कोण?

जयराजला तुकड्याचं सांगितलं. मग त्यानं लिहिलं, "संस्थेचं काय ते नंतर बघू. आधी त्यांना दाखवा. हे त्यांचं आहे."

आणखी एक गोष्ट मनात सलतेय. ते दोन शब्द आता त्या माणसाचं शेवटचं बोलणं झालं. मी तिथं 'म्होरं बघ' लिहून मोकळी झालेय. चुकलं असेल असं नाही. पण परवापर्यंत ती नुसती एक ओळ होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सिस्टरना बोलावलं. पप्पूला सांगून दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

आधी स्पष्टच सांगितलं. "सिस्टर, ते पळाले नाहीत. कुठल्या बाईसोबत गेले नाहीत." त्या पडद्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "दाव."

आधी मालिकेतला तुकडा लावला. फाटका कान दिसल्याबरोबर त्या पुढं वाकल्या, पार नाक लावून. बापाचं तोंड त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितलं. सुनावायचे दोन शब्द कुठं गेले कोण जाणे. "माझ्याच वानी नाक हाय की गं," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी मिशाळावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बाबा." मी म्हटलं, "न्हाई सिस्टर, बाबा वरती हायत, फाटक्या कानाचे. हा दुसरा." त्यांनी मान हलवली आणि परत तेच म्हणाल्या. परत बोट मिशाळावरच. मी तिसऱ्यांदा त्यांना समजावायला लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या वरच्या ओठावर बोटानं मिशी काढून दाखवली. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. बाबा नव्हे. मामा! बाळासोमामा. दोन्ही शब्द मला एकच दिसतात.

मग तो शेवटचा तुकडा लावला. त्यांनी शेवटपर्यंत बघितला. हात आडवे करणारा कोटवाला आला, फिल्म संपली. पडदा काळा झाला तरी त्या बघतच होत्या. मी पाणी दिलं, घेतलं नाही.

मग बोलल्या. आधी चिडूनच. "लबाड! डोळ्यांम्होरं बुडाला आन् घरी येऊन सांगतोय पळाला म्हनून! आमी जल्मभर तोंड लपवून जगलो. आईला सांगायला काय झालं हुतं ह्याला?"

मग त्यांचं त्यांनाच कळलं. ते मी त्यांच्या तोंडावर बघितलं. राग होता तसाच थांबला आणि हळूहळू उतरला.

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी बांगड्या फोडल्या असत्या तिच्या," त्या म्हणाल्या. "ईस वर्साची हुती माझी आई. पांढऱ्या कपाळानं कोपऱ्यात बसवली असती. पळाल्याल्याची बायकू सवाष्णच ऱ्हाती. म्हातारी हुईस्तवर संक्रांतीला बांगड्या भरल्या तिनं, त्याला शिव्या देत देत. भरल्या हातानं गेली." मग पदर तोंडाला लावला. पदराआड काय बोलल्या ते मला दिसलं नाही. अंग गदगदत होतं. मला पण रडू आवरेना.

डोळे पुसून त्यांनी परत पहिला तुकडा लावायला सांगितला. बाप मामाला काहीतरी सांगतोय, ते त्यांनी बरोबर हेरलं. "काय म्हनतोय गं?"

इथं मी अडले. 'म्होरं बघ' म्हणावं तर तोंडातून निघेना. दुसरं काही म्हणावं तर ते मी त्यांच्या तोंडाकडं बघून बनवलं असं झालं असतं. खोटं मला जमत नाही आणि खरं मला माहीत नव्हतं. म्हणून मी आवाजच काढला नाही. पडद्यावर ते जसे हलवतात तसे हुबेहूब ओठ हलवले. एकदा. मग परत एकदा.

सिस्टर माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मग त्यांनी तेच शब्द स्वतः म्हटले. त्यांचे ओठ मिटले, गोल झाले, परत मिटले. तिन्हीतला कुठला शब्द म्हणाल्या ते मला कळलं नाही. मला कळणारच नाही ते.

मग त्या पडद्याकडं वळल्या, बोट परत मिशाळावर ठेवलं आणि माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या, "बघितलं की गं. जल्मभर बघितलं ह्यानं."

२० नोव्हेंबर, गुरुवार

पूर्ण काम जयराजला पाठवून दिलं. दहाही भाग, भाकरीसकट, पायावरनं उतर म्हणणाऱ्यासकट. पाचव्या भागातली ती एक ओळ बदलली.

दुपारी उंब्रजच्या पार्टीचा अल्बम जोडत होते तेव्हा त्याचा मेसेज आला. "सगळं उत्तम. फक्त पाचव्या भागात 'पोर बघ' लिहिलंय तुम्ही. पण सिनेमात पोर कुठंय? आधी 'म्होरं बघ' होतं, तेच बरोबर वाटतं. टायपिंगची चूक आहे का?"

मी लिहिलं, चूक नाही. पोर सिनेमात नाही, पलूसला आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची.